सिग्नल नंबर तीन

आमच्या तालिसायमध्ये 'सिग्नल' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि ऐन वेळी तो मीच विसरावा यासारखी नामुष्की नाही. वादळ येणार असलं की सरकार त्याला नंबर देतं. सिग्नल एक म्हणजे बालवाडी बंद. सिग्नल दोन म्हणजे अख्खी शाळा बंद आणि होड्या वाळूवर ओढायच्या. सिग्नल तीन म्हणजे डुक्कर, कोंबडा, सासू यांपैकी जे हाताला लागेल ते उचलायचं आणि जी शाळा नुकतीच बंद केली तिच्यातच पळत जाऊन बसायचं, कारण बेटावर पक्की इमारत तेवढी एकच. बेटावर फोन नव्हते त्या काळात ही बातमी तारेनं माझ्या पोस्टात यायची आणि पोस्टाच्या ओट्यावर उभं राहून ती ओरडायचं काम माझं असायचं. माझ्या तोंडून 'सिग्नल' निघालाय आणि गाव हललं नाही असं कधी झालं नाही. नोकरीत मला मान म्हणावा असा हा एवढाच होता, बाकी नुसता पगार होता.

आमचा मुलगा रोडेल मालवाहू जहाजावर इंजिनाकडे काम करतो. त्याचं आणि मारिसेलचं जमलेलं आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मारिसेलच्या वडिलांना, आणि ते पडले गावचे कॅप्टन. कॅप्टन म्हणजे तुमचे सरपंच समजा. जहाजाशी त्यांचा काही संबंध नाही, उलट तालुक्याला जाणाऱ्या फेरीतसुद्धा कॅप्टन पोन्सियानोंना बोट लागते. पण माणूस मानी. पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसले तरी गावाला उद्देशून बसतात. मारिसेल नर्स झाली, तिला आखातात नोकरी लागली आणि शनिवारच्या बोटीनं ती दोन वर्षांसाठी निघणार असं ठरलं. रोडेलचं जहाज त्याआधी आमच्या बाजूला फिरकणार नव्हतं. म्हणजे बोलणी व्हायची तर आत्ता, नाहीतर दोन वर्षांनी. आखातातल्या इस्पितळांत किती बिनलग्नाचे डॉक्टर असतात हे माझी बायको फेलिसा मला रोज जेवताना सांगू लागली. तिला हे कुठून कळलं ते मी विचारलं नाही.

मागणी घालायला जाण्याला आमच्यात 'पायऱ्या चढणं' म्हणतात. मुलाकडच्यांनी खाणं घेऊन मुलीच्या घराच्या पायऱ्या चढायच्या, मुलानं मान खाली घालून विचारायचं, मुलीच्या बापानं शोभेल इतका वेळ गप्प बसायचं आणि मग हो म्हणायचं. आम्ही दोघं चढलो. फेलिसानं परातभर पान्सित केलं होतं, त्यातल्या शेवया कॅप्टननी दोनदा वाढून घेतल्या. तोंड पुसून झाल्यावर म्हणाले, "पोस्टमास्तर, मुलगी म्हणजे काय पार्सल आहे, की घरच्या कुणीही सही करून घेऊन जावं? ज्याला हवी त्यानं माझ्यासमोर येऊन मागावी."

तो भर समुद्रात आहे, असं मी म्हणालो. त्यावर निदान डोळ्यांना तरी दिसू दे, स्वतःच्या तोंडानं विचारू दे, एवढी सवलत मिळाली. दाराच्या पडद्यामागे मारिसेलची पावलं दिसत होती. ती पावलं काही हलली नाहीत.

आता आमच्याकडे मोबाइलला रेंज म्हणून जी काय येते ती फक्त दफनभूमीच्या टेकडीवर येते. कॅप्टन धापा टाकत वर आले, एका थडग्याच्या कडेला टेकले, आणि मी फोन त्यांच्यासमोर धरला. रोडेलचा चेहरा आला, "कॅप्टन, मला तुमच्या" इतकं म्हणाला आणि थिजला. थिजला तोही कसा, तर एक डोळा मिटलेला आणि तोंड एका बाजूला गेलेलं. कॅप्टन त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हा मला डोळा मारतोय," ते म्हणाले.

नेट अडकलंय, डोळा नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. पण ज्याच्या मनात नाही त्याचं तोंड असं होईलच कसं, असा त्यांचा सवाल होता, आणि पडद्यावरचं आमचं कार्टं त्यांना डोळा मारतच होतं. उतरताना त्यांनी शेवटचं सांगितलं: शुक्रवारपर्यंत पोरगा हलता-बोलता दाखवा, नाहीतर विषय बंद.

रोडेलचा निरोप आला की त्यांच्या जहाजावर थेट आकाशातून इंटरनेट येतं, झकास चालतं, शुक्रवारी पाचला त्याला बोलायची पाळी मिळेल. वर लिहिलं होतं, "पापा, अडचण तुमच्या बाजूला आहे." हे मला फार लागलं. ज्या माणसानं हयातभर गावाचे निरोप पोचवले, त्याला त्याचाच मुलगा सांगतो की अडचण तुमच्या बाजूला आहे. मी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेलो आणि छपरासाठी साठवलेल्या पैशांत आकाशाची डिश घेऊन आलो.

खोकं उघडायला अर्धं गाव हजर होतं. आत निघाला एक पांढरा, चौकोनी, पाटाएवढा सपाट तुकडा. आमच्या शेजारी किराणा दुकान चालवणाऱ्या आलिंग नेनितांना वयाच्या मानानं सगळंच कळतं. त्यांनी ती डिश उलटीसुलटी करून पाहिली आणि डिश म्हणतात तर रस्सा राहायला खोलगटपणा कुठाय, असं विचारलं. मग तोंड कुठल्या दिशेला करायचं यावर वाद पेटला. आलिंग नेनितांचं म्हणणं मनिलाकडे, कारण आजवर जे काही आलं ते उशिरा का होईना मनिलाहूनच आलं. गावचा राखणदार दादो म्हणाला, अमेरिकेकडे. अमेरिका कुठल्या बाजूला यावर त्याच्यात आणि त्याच्या भावात जुंपली, आणि दोघंही समुद्राकडेच हात करत होते, फक्त वेगवेगळ्या. नवी वस्तू घरात आली की आशीर्वाद हवाच, म्हणून फेलिसानं फादरना बोलावलं. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. सोबतच्या विजेच्या डब्यावर पाण्याच्या थेंबावर फुली मारलेलं चित्र होतं, पण फादरना नाही कोण म्हणणार?

डिश अंगणात ठेवली तर फोन म्हणे, आकाशात अडथळा आहे. अडथळा म्हणजे आमचा माड. माड माझा, अंगण माझं, पण आमच्याकडे स्वतःचा माड तोडायलाही सरकारची परवानगी लागते. मी पुन्हा तालुक्याला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, माड आजारी आहे का? मी म्हटलं, चांगला ठणठणीत आहे. धोकादायक आहे का? नाही. म्हातारा? माझ्यापेक्षा तरुण. मग त्यानं केलंय तरी काय? मी म्हटलं, तो आकाशाच्या आड येतो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हळू आवाजात घरी आणखी कोण कोण असतं याची चौकशी केली. परवानगी मिळाली नाही. त्या मात्र मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

शेवटी डिश छपरावर न्यायची ठरलं, आणि या येरझारांत शुक्रवार उजाडला. बेटावर वीज दुपारी बाराला येते. बाराच्या ठोक्याला मी शिडीवरून छपरावर, फेलिसा खाली ओट्यावर फोन घेऊन. मी डिश थोडी थोडी फिरवायची आणि तिनं फोनवर किती रेघा उमटल्या ते सांगायचं, अशी कामाची वाटणी होती. इथं फेलिसाच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. ती चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाते, आणि तिच्या पुढची दोन बाकं लोक आपणहून मोकळी सोडतात.

"सिग्नल किती?" मी वरून विचारलं.

"एक!" फेलिसा म्हणाली.

मी डिश जराशी वळवली. मला नंतर कळलं की एवढ्यात आलिंग नेनितांनी दुकानातून बालवाडीत धावत जाऊन बाईंना पोरं सोडायला सांगितलं होतं. रेडिओवर दोन दिवस पूर्वेच्या समुद्रात हवा बिघडल्याचं सांगत होतेच. आकाश निरभ्र होतं, पण मोठ्या वादळाआधी ते तसंच असतं हे आमच्याकडचं पोरही सांगेल.

"दोन!" फेलिसा ओरडली. किनाऱ्याकडून होड्या ओढायचा हैसा ऐकू आला. मी मनात म्हटलं, आज मासे बरे लागलेले दिसतात.

मग मी डिशला शेवटचा हिसका दिला आणि खालून फेलिसानं वरच्या पट्टीत "तीन!" लावला. मला इतका आनंद झाला की मी छपरावर ताठ उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि निवृत्तीनंतर प्रथमच पोस्टाच्या आवाजात ओरडलो, "तीन! सिग्नल तीन!"

गावात घंटा म्हणजे झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी. दादोनं ती लोखंडी दांड्यानं बडवायला घेतली. गल्लीतून माणसं पळू लागली, कुणाच्या काखेत कोंबडा, कुणाच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, कुणाच्या पाठीवर आजी. "सिग्नल तीन, सिग्नल तीन," दादो ओरडत चालला होता.

आता या ठिकाणी कुठल्याही शहाण्या माणसाला दोन आणि दोन चार करता आले असते. मला आले नाहीत. मी घंटा ऐकली, 'सिग्नल तीन' ऐकलं आणि वादळ आलं असंच धरून चाललो. सरकारनं आधी एक आणि दोन न सांगता एकदम तीन सांगावं याचा मला मनस्वी संताप आला. मी छपरावरून उतरलो, नवी कोरी डिश डोक्यावर घेतली, फेलिसानं संध्याकाळसाठी केलेली पान्सितची परात उचलली, आणि आम्ही दोघं माझ्याच बातमीच्या पुढे जीव घेऊन पळत सुटलो.

शाळेत पोचल्यावर मी फळ्यापाशी उभा राहून हवामान खात्याच्या बेजबाबदारपणावर चार शब्द बोललो. लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कॅप्टन बिनतारी संचावर तालुक्याच्या साहेबाशी बोलून आत आले. त्यांच्या काखेत त्यांचा झुंजीचा कोंबडा होता. त्याचं नाव जनरल. त्या घरात हुद्द्यानं तोच मोठा, आणि कॅप्टनखेरीज कुणी त्याला हात लावला तर हात परत करायचा की नाही ते तो ठरवतो.

"वादळ नाहीये," कॅप्टन म्हणाले. "कुठंच नाहीये. सिग्नल तीन कुणी सांगितला?"

"पोस्टमास्तरांनी," दादो म्हणाला. "छपरावर चढून सांगितला. दोन्ही हात वर करून."

सगळी शाळा माझ्याकडे बघू लागली. माझ्या डोक्यावर अजून ती डिश होती. मला जे दुपारभर कळलं नव्हतं ते आत्ता एका क्षणात लख्ख कळलं आणि वाटलं, खरंच एखादं वादळ असतं तर बरं झालं असतं.

कॅप्टनची अडचण आणखी पुढची होती. साहेबानं त्यांना फैलावर घेतलं होतं की निवृत्त माणसाला वादळ जाहीर करायचा अधिकार कुणी दिला. बरं, मग लोकांना घरी सोडू का, तर तेही नाही. निवाऱ्यात आलेली माणसं वादळ गेल्याचं पत्र आल्याशिवाय सोडायची नाहीत असा नियम आहे. आणि साहेब म्हणतात, जे आलंच नाही ते गेलं असं मी लिहून कसं देऊ? ते वरच्या साहेबांना विचारून कळवणार होते. तोवर अख्खं तालिसाय शाळेत, डुकरं व्हरांड्यात आणि बाहेर लखलखीत ऊन.

पाच वाजत आले. मी कोपऱ्यात पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. लाज तर होतीच, पण खरं दुःख वेगळं होतं. पाचला माझा मुलगा जहाजावर फोनसमोर येऊन बसणार, बहुतेक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि अडचण पुन्हा एकदा माझ्याच बाजूला असणार. फेलिसा कॅप्टनकडे गेली. त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. आज पोस्टमास्तरांनी गावासमोर माझं हसं केलंय, आज त्या घराचं नाव नको, असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

तेव्हा मारिसेल उठली. ती एवढ्या लोकांत कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"पापा, उद्या मी जाणार," ती म्हणाली. "तो विचारणार आहे. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण त्याचं ऐकून म्हणा."

कॅप्टन जनरलची पाठ कुरवाळत राहिले. मग दादोला म्हणाले, शिडी आण.

त्यानंतर गावानं जे केलं ते पाहून माझा राग, लाज, सगळं पातळ झालं. दादो आणि त्याच्या भावानं डिश शाळेच्या छपरावर चढवली आणि अमेरिकेचं नाव न काढता फोन सांगेल तिकडे तोंड केलं. आलिंग नेनितांनी दुकानातून लांब वायर आणली. कॅप्टनसाठी हेडबाईंची खुर्ची मधे मांडली. फेलिसानं मला दंडाला धरून शाळेच्या बाहेर नेलं, माझ्या हातात परात दिली, आणि आम्ही दोघं शाळेच्या पायऱ्या रीतसर पुन्हा चढून आत आलो. कॅप्टननी आमच्याकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहिलं.

पाचला रोडेल दिसला. इतका स्वच्छ, की हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसत होतं. शर्ट इस्त्रीचाच होता. त्याला वाटलं होतं, दोन्हीकडचे आईबाप असतील. समोर अख्खं गाव आणि तीन डुकरं पाहून तो क्षणभर गडबडला. मग त्यानं मान खाली घातली.

"कॅप्टन, मी तिथं हवा होतो," तो म्हणाला. "मला मारिसेलशी लग्न करायचंय. ती आखातात काम करेल, मी जहाजावर, पण घर तालिसायमध्ये बांधू. तुमची परवानगी असेल तर."

कॅप्टन गप्प बसले. शोभेल इतका वेळ बसले, मग त्याहून थोडा जास्त बसले. व्हरांड्यातली डुकरंसुद्धा ओरडायची थांबली होती. मारिसेलनं फेलिसाचा हात धरला होता. अखेर कॅप्टननी खाकरून घसा मोकळा केला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "हो."

रोडेल हलला नाही. हसला नाही. दोन्ही डोळे वटारून तो तसाच बघत राहिला.

"ऐकलं का? हो म्हणतोय मी," कॅप्टन म्हणाले. चेहरा तसाच. कॅप्टनच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द आमच्या छपरावरच अडकला होता.

दादो बाहेर पळाला आणि परत येऊन म्हणाला की डिशवर जनरल बसलाय. सगळ्यांचं लक्ष रोडेलकडे असताना तो निसटला असणार. डिश चालू असली की गरम होते, त्यामुळे त्याला ती जागा आवडलेली दिसते. दादो शिडीच्या अर्ध्यापर्यंत गेला होता, पण जनरलनं नुसतं वळून पाहिल्यावर उतरला. मग सगळे कॅप्टनकडे बघू लागले.

कॅप्टननी बूट काढले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. दादो आणि त्याच्या भावानं शिडी धरली, आणि ज्यांना फेरीबोटीत बोट लागते ते कॅप्टन पोन्सियानो एकेक पायरी चाचपत छपरावर चढले. सगळं गाव अंगणात उभं राहून बघत होतं. आमच्यात मुलाकडचे पायऱ्या चढतात. मुलीच्या बापानं चढल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

जनरल काखेत गेला आणि फोनमधून रोडेलचा आवाज फुटला. "पापा, ते काय म्हणाले? त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं आणि अडकलं. जांभई आली का त्यांना?"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर ओरडलो, "कॅप्टन, पोरगा विचारतोय काय म्हणालात."

"हो म्हणालो!" छपरावरून आवाज आला. "सांगा त्याला, हो!"

छपरावरचा शब्द फोनपर्यंत पोचत नव्हता. मध्ये मीच होतो. मी फोनकडे वळलो. हयातीत मी किती तारा वाचून दाखवल्या असतील, मरणाच्या, जन्माच्या, नोकरीच्या. एकही वाचताना माझा आवाज कापला नव्हता.

"रोडेल," मी म्हणालो, "हो म्हणतायत." पुढचं फेलिसा बोलली, आणि ते फोनशिवायही त्याला जहाजावर ऐकू गेलं असतं. मारिसेल रडत होती आणि हसत होती. आलिंग नेनिता परातीवर झाकलेलं केळीचं पान काढून वाढायला लागल्या होत्या. कॅप्टन मात्र अजून छपरावरच होते. एका काखेत जनरल, दुसऱ्या हातानं डिश सरळ धरलेली, आणि जावयाचा चेहरा पुन्हा अडकू नये म्हणून ती जरा जरा फिरवत होते.

"व्याही!" त्यांनी वरून हाक मारली. तो शब्द त्यांनी मला पहिल्यांदाच लावला होता. "व्याही, सिग्नल किती?"

अंगणातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली, आणि दादोचा हात नकळत कमरेला खोचलेल्या टाकीच्या दांड्याकडे गेला. मी फोनवर पाहिलं, तोंड घट्ट मिटून घेतलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून तीन बोटं वर केली.